पाण्याखालचं वेल्डिंग: काम चोख, घाई मात्र नको तिथे

बार्जच्या (मालवाहू सपाट तळाच्या बोटीच्या) तळाला, पाण्याखाली ३ मीटरवर, दीड वीत लांबीची चीर. ड्राय डॉकचा (जहाज कोरड्यात घेऊन दुरुस्त करायच्या गोदीचा) नंबर लागायला चार महिने. तोवर पॅच मारून निभवायचं म्हणून डायव्हिंगवाले बोलावले. ही दुसरी टोळी. पहिल्या टोळीचं काम तिसऱ्या आठवड्यात गळायला लागलं होतं.

त्यांचा डायव्हर रॉडचा गठ्ठाच घेऊन उतरायचा. वेट वेल्डिंगच्या (थेट पाण्यातच करायच्या वेल्डिंगच्या) रॉडला वरून वॉटरप्रूफ लेप असतो, पण त्याची साथ किती वेळ? शेवटचे रॉड भिजलेलेच जळत असणार. ग्राइंडर फिरवला तर जोड आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

नव्यांनी आल्या आल्या प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. पाण्यात जोड क्षणात थंड होतो, बाजूचं पोलाद कडक होतं, आणि आर्कच्या उष्णतेने पाणी फुटून सुटलेला हायड्रोजन त्यात शिरतो. कार्बन इक्विव्हॅलंट (पोलादातला कार्बन आणि इतर मिश्रधातू मिळून काढलेला आकडा, तो सर्टिफिकेटवरून कळतो) ०.४० च्या वर गेला की तडे जायची भीती वाढते. आमच्या प्लेटचा आकडा त्याच्या खाली होता. मग त्यांनी आतली टाकी उघडून गॅस तपासायला लावली. बंद टाकीच्या पाठीवर आर्क पेटवायचा म्हणजे मरणाशी खेळ.

पहिला दिवस नुसता शेवाळ, कालवं आणि रंग खरवडण्यात गेला. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. वर गोल कोपऱ्यांची डबलर प्लेट (चीर झाकणारं पोलादी ठिगळ) आणि चारी बाजूंनी फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी जोड. खाली दिसत काही नाही. बुडबुडे आणि गढूळपणा. रॉड प्लेटला टेकवून ओढत न्यायचा, बाकी हाताच्या अंदाजावर.

मी मात्र वर खटक्यावर (वेल्डिंगचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर) बसलेल्या पोराकडेच बघत होतो. फोनवर डायव्हर म्हणाला "चालू", की हा "चालू" म्हणून खटका टाकणार. "बंद", की "बंद" म्हणून उचलणार. करंट डीसी, आणि रॉड बदलताना होल्डरमध्ये वीज नाही म्हणजे नाही. दिवसभरात त्याने एकदाही न बोलता खटका हलवला नाही. अशा पोराला दुप्पट पगार द्यावा. रॉड ३.२ मिमीचे, एका वेळी पाचच खाली जायचे. पहिल्या थराच्या कडेवर दुसरा थर चढवून खालचा कडकपणा उतरवायचा, हेही त्यांनी न सांगता केलं. वर आल्यावर डायव्हर थुंकत म्हणाला, "साहेब, दातातली चांदी लोखंडासारखी लागतेय." करंटजवळ काम केलं की चांदी भरलेले दात असे बोलतात म्हणे.

आता तक्रार. शेवटचा रॉड संपला त्याच संध्याकाळी सुपरवायझर मॅग्नेटिक टेस्ट (चुंबक आणि लोहकणांनी तडे शोधायची तपासणी) उरकून रिपोर्ट द्यायला निघाला. हायड्रोजनचा तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उघडतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मी अडून बसलो. थोडी तणातणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेस्ट केली तर जिथे रॉड बदलून पुन्हा सुरुवात केली होती तिथे केसाएवढी रेघ! घासून पुन्हा वेल्ड मारलं, पुन्हा एक रात्र थांबलो, मग साफ निघालं. नवीन रॉड आणि तो वेळ त्यांनी बिलात लावला नाही, हे त्यांच्या बाजूने.

दुसरी किरकोळ गोष्ट: रिपोर्टच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी दुरुस्ती' असं ठोकून दिलं होतं. काम एडब्ल्यूएस डी३.६ च्या (पाण्याखालच्या वेल्डिंगच्या अमेरिकन मानकाच्या) बी वर्गात, म्हणजे कमी महत्त्वाच्या जोडांच्या वर्गात, ठरलं होतं, जहाज तपासणाऱ्या सर्व्हेयरनेही पुढच्या डॉकिंगपुरतीच मान्यता दिली होती. तो शब्द मी खोडायला लावला.

पुन्हा बोलवेन का? हो, पण टेस्टची वेळ आधी कागदावर लिहून घेऊन. रोज सकाळी टाकीत साउंडिंगची (आत पाणी किती ते मोजायची) सळई सोडतो. सात आठवडे झाले, कोरडीच वर येते.