माराकेश ते ऐत बेनहद्दू : मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल

मोरोक्कोतील माराकेशहून हाय अ‍ॅटलास पर्वत ओलांडून ऐत बेनहद्दूला नेणाऱ्या या सहलीची शिफारस करताना मला मुळीच संकोच वाटत नाही. सुमारे २,२६० मीटर उंचीच्या तिझी न तिश्का खिंडीतला रस्ता सतत वळणांचा आहे, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्यापूर्वीच गोळी घ्यावी. आमच्या चालकाने मात्र कुठेही घाई केली नाही.

१९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेले ऐत बेनहद्दू हे तटबंदीचे गाव सहारा आणि माराकेश यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर वसले आहे. त्याच्या भिंती ओलसर माती साच्यात ठासून उभारलेल्या असून बुरुजांच्या वरच्या भागात कच्च्या विटांची नक्षी आहे, आणि अगदी जवळ जाऊन पाहिले की मातीत मिसळलेल्या काड्या व खडे स्पष्ट दिसतात. पावसाने ही माती झिजते म्हणून डागडुजी कधीच थांबवता येत नाही, हे आमच्या अमाझिग (बर्बर) मार्गदर्शकांनी एका खचलेल्या कोपऱ्यापाशी उभे राहून इतक्या आत्मीयतेने समजावले, की तेवढ्यासाठीही पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

तक्रार एकच आहे. वाटेतल्या अर्गन तेलाच्या (अर्गन झाडाच्या बियांपासून काढलेल्या तेलाच्या) दुकानात बराच वेळ गेला आणि माथ्यावरच्या सामूहिक धान्यकोठारापर्यंत आम्हाला घाईने चढावे लागले. नोंदणी करतानाच गावात प्रत्यक्ष किती वेळ मिळेल, हे विचारून घ्यावे.