शाळेतल्या नर्सच्या नोकरीपायी १ लाख ४० हजार गेले

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात मी अकरा वर्षं ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, नर्स होते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर सहा महिने वॉर्ड केला, मग डॉक्टर मॅडमनी ओटीत घेतलं ते तिथलीच झाले. हे काम माझ्या आवडीचं आहे. पोट बंद करायच्या आधी मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजायचे, टेबलापासून लांब उभ्या फ्लोअरच्या सिस्टरने वेगळे मोजायचे, दोघींचा आकडा जुळला की मगच "काउंट बरोबर, मॅडम" म्हणायचं. एकदा रात्री दोनला एक मॉप कमी भरला. बादली उपसली, टेबलाखाली रांगत शोधला. सापडेपर्यंत सरांनी टाका घातला नाही.

पण अर्ध्या रात्री सिझरचा फोन यायचा, उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या, पगार १६ हजार, आणि घरी गेलं की लेकरू वाट बघून झोपलेलं. शाळेतली नर्स म्हटलं की जीव तिकडे ओढायचा. ताप, खरचटणं, मुलींच्या पाळीच्या तक्रारी, जंताच्या गोळ्या, आणि रात्र आपली.

दवाखान्यातल्या एका ओळखीच्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, नोकरी लावून देणाऱ्या माणसाचा नंबर दिला. गंजगोलाईजवळ चहाच्या हॉटेलात भेट झाली. हातात जाड फाइल, त्यात तीन-चार मुलींच्या नेमणुकीच्या ऑर्डरी. "ताई, केंद्राची निवासी शाळा आहे. एक सिस्टर सोडून गेली, तिच्या जागी घ्यायचंय. अशा जागेची जाहिरात निघत नसते." सगळी फसवणूक या शेवटच्या वाक्यात होती आणि मला तेच वाक्य खरं वाटलं. आपल्याकडे ओळखीशिवाय काही होत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं.

आधी १५ हजार फाइलचे, फोनपेवर. मग मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून ५० हजार रोख. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, सोयाबीन भाव नसताना आडतीवर घातलं, ते हे पैसे. ऑर्डर हातात आल्यावर ७५ हजार, त्यातले ४० बचत गटातून उचललेले. वर पडताळणीसाठी म्हणून माझं नर्सिंग कौन्सिलचं मूळ रजिस्ट्रेशन आणि जीएनएमच्या मूळ मार्कलिस्टा तो घेऊन गेला. पैशांपेक्षा ही चूक मला जास्त महागात पडली.

ऑर्डरवर अशोकस्तंभ, जावक क्रमांक, निळा गोल शिक्का. ती दाखवूनच मी राजीनामा दिला. ओटीतल्या मावशींनी ओटी भरली.

रुजू व्हायच्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यात त्या शाळेवर गेलो. ऑफिसातल्या बाबूंनी कागद वाचला, काही न बोलता ड्रॉवरमधून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत तशाच तीन ऑर्डरी. फक्त नावं वेगळी. "ताई, बसा, पाणी घ्या," म्हणाले. त्यांचा आवाज इतका सवयीचा होता की मला तिथेच रडू फुटलं.

नंतर जे शोधलं ते आधी शोधायला हवं होतं. नवोदय विद्यालयं या केंद्राच्या निवासी शाळांत स्टाफ नर्सचं पद खरोखर असतं, पण त्याची देशभर जाहिरात निघते आणि परीक्षा होते. २०२४च्या जाहिरातीत बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग मागितलं होतं, शिवाय किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला अडीच वर्षांचा अनुभव. माझं जीएनएम, आमचा दवाखाना ३० खाटांचा. म्हणजे अर्जसुद्धा भरता आला नसता. जिल्हा परिषदेच्या शाळांना स्वतःची नर्स नसते. तिथे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला जातं: दोन आयुष डॉक्टर, एक एएनएम (परिचारिका), एक फार्मासिस्ट. ती भरतीही कंत्राटी असली तरी जाहिरात काढून, गुणवत्ता यादी लावून होते. बायांनो, जाहिरात मागा. नसेल तर त्या शाळेत जाऊन, राजीनामा देण्याआधी, ऑर्डर दाखवून विचारा. आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. मूळ समोर धरायचे, झेरॉक्स द्यायची.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी एकोणीस दिवस घरात बसले, तोवर ते खातं रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात आधी "देण्याघेण्याचा व्यवहार आहे" म्हणून परत पाठवलं. बनावट ऑर्डर आणि फोनपेची नोंद पुढे ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८खाली गुन्हा घेतला. डुप्लिकेट रजिस्ट्रेशनसाठी प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा दाखला, मुंबईच्या फेऱ्या. तोवर कुणी कामावर घेईना.

आता दुसऱ्या एका दवाखान्यात ओटीलाच आहे, दोन हजार कमी पगारावर. परवा ट्रॉली आवरताना आमच्यातल्या नव्या पोरीने हळूच मोबाइल पुढे केला, "ताई, मला शाळेत लागतंय, ऑर्डर बघा ना." माणसाचं नाव वेगळं, शाळा वेगळी. मी जावक क्रमांक वाचला, घरी जाऊन माझ्या ऑर्डरीशी ताडला. एक आकडाही बदललेला नव्हता. तिने तोपर्यंत १५ हजार भरले होते. रात्रीच तिला घेऊन ठाण्यात गेले.