डबल्स बघायची तर बेसलाइनच्या मागं बसा

आमच्या परभणीकडं टेनिस म्हणजे डबल्सच. क्लबात कोर्ट एक अन् खेळणारे आठ-दहा, सिंगल्सला कोण जागा देणार? त्यामुळं जानेवारी 2019 ला डॉक्टरसाहेब अन् मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो ते बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनची डबल्स फायनल गाठायलाच. रोहन बोपण्णा-दिविज शरण यांनी ल्यूक बॅमब्रिज-जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीला 6-3, 6-4 असं हरवलं. पैसा वसूल!

बरेच जण नेटच्या रेषेत जागा धरतात. आम्ही बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या मागं, वरच्या अंगाला बसलो. डबल्स तिथूनच कळते. सर्व्हिसच्या आधी नेटवरचा गडी हात पाठीमागं नेऊन बोटांनी खुणा करतो: सर्व्हिस कुठं टाक, मी मधे घुसतो की जागेवर थांबतो. समोरच्या जोडीला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. खूण झाली, बॉल उडाला अन् शरण तिरका झेपावला की अंगावर काटा येतो. डॉक्टरसाहेब तर प्रत्येक खुणेला माझा हात दाबत होते. साइड बदलली की मात्र खुणा दिसत नाहीत, मग पायांवरून अंदाज बांधायचा.

ड्यूसचा, म्हणजे गेममध्ये 40-40 अशी बरोबरी झाल्यावरचा नियम मला फार आवडला. ॲडव्हान्टेज, म्हणजे सलग दोन पॉइंट काढायची अट नाहीच, एका पॉइंटवर गेम. सर्व्हिस कोणत्या बाजूनं घ्यायची ते रिसीव्ह करणारे ठरवतात. त्या वेळी दोघं जवळ येऊन काय कुजबुजतात ते बघण्यासारखं असतं.

एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक (निर्णायक छोटा डाव) खेळवतात, ते मात्र पटत नाही. याच स्पर्धेच्या 2022 च्या फायनलला बोपण्णा-रामकुमार रामनाथन पहिला सेट हरले, दुसरा 6-3 नं काढला अन् टायब्रेक 10-6 नं मारला. जिंकले याचा आनंद आहेच, पण असा सामना पूर्ण तीन सेट चालायला हवा. बोपण्णाचा दम म्हणाल तर 2024 ला 43 व्या वर्षी त्यानं मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली.

2023 नंतर ही एटीपी 250 दर्जाची (पुरुषांच्या मुख्य टूरवरची) स्पर्धा पुण्यातून गेली. बालेवाडीत त्यानंतर चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या दर्जाची स्पर्धा झाली, तिथंही डबल्स असते. नांदेड, लातूर, परभणीच्या क्लबवाल्यांनी पुढच्या वेळी नक्की जावं. आदल्या संध्याकाळी ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांचं वेळापत्रक बघा, डबल्स कोणत्या कोर्टावर आहे ते टिपून ठेवा. साइड कोर्टावर असली तर अजूनच चांगलं, खेळाडूंचं बोलणंसुद्धा ऐकू येतं.