रात्रपाळीचा ओटी आणि हजेरीचे सॉफ्टवेअर : एका वर्षाचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ३८ कामगारांच्या एका मशीन शॉपचे पगारपत्रक मी सांभाळते. आमच्याकडे तिन्ही पाळ्या चालतात आणि बहुतेक कामगार तासाच्या दरावर आहेत. जून २०२३ मध्ये मालकांनी हजेरीचे यंत्र आणि त्याला जोडलेले पगाराचे सॉफ्टवेअर घेतले. ‘ओटी, म्हणजे ओव्हरटाइम (जादा काम), आपोआप निघेल’ हे त्याच्या विक्रेत्याचे मुख्य आश्वासन होते. मे २०२४ पर्यंतच्या वर्षभराच्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे. सॉफ्टवेअर कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा आमच्या पाळ्यांच्या पद्धतीतून आलेल्या आहेत आणि दुसऱ्या कारखान्यात त्या कदाचित जाणवणारही नाहीत.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. सुरुवातीला बोटाच्या ठशाचे यंत्र बसवले होते, परंतु कूलंट (यंत्र थंड ठेवणारे द्रव) आणि ग्रीसमध्ये दिवसभर हात असणाऱ्यांचे ठसे ते ओळखेना, आणि पाळी सुटताना दाराशी रांग लागू लागली. दीड महिन्यात विक्रेत्याने कुरकुर न करता त्याच्या बदली चेहरा ओळखणारे यंत्र दिले. तेव्हापासून ती तक्रार राहिलेली नाही.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्या जादा वेळेचे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागत असे. वाक्य सोपे वाटते, पण त्यातील ‘किंवा’ या शब्दापाशी सॉफ्टवेअर अडखळले. एखाद्याने सोमवारी ११ तास आणि मंगळवार ते शनिवार रोज ८ तास काम केले, तर आठवड्याचे ५१ तास होतात. दिवसाच्या हिशेबाने ओटी २ तास निघतो, आठवड्याच्या हिशेबाने ३ तास. द्यायचे असतात ३. मूळ मांडणीत सॉफ्टवेअर केवळ दिवसाचा हिशेब करून २ तास दाखवत होते, आणि आम्ही आठवड्याचा नियम चालू केल्यावर त्याने दोन्हींची बेरीज करून ५ तास दाखवले. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो घेण्याची सोय आहे, मात्र ती ‘प्रगत मांडणी’च्या तिसऱ्या पानावर दडलेली आहे आणि यंत्र बसवायला आलेल्या मुलालाही ती ठाऊक नव्हती.

दर काढण्याची गोष्टही अशीच. आमचा तासाचा दर मासिक वेतनावरून ठरतो. मूळ वेतन आणि विशेष (महागाई) भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील, तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांनी भागून रोजचे ६०० आणि ८ ने भागून तासाचे ७५ रुपये, म्हणजे ओटीचा दर १५० रुपये. सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेला भाजक ३० होता. त्याने दर १३० वर येतो, आणि महिन्याला ३० तास ओटी करणाऱ्या माणसाचे बरोबर ६०० रुपये, म्हणजे एका पूर्ण दिवसाची मजुरी, कोणाच्या लक्षातही न येता गळून पडते. पहिल्या महिन्याचे पगारपत्रक मी जुन्या पद्धतीने हातानेही तयार केले होते, म्हणून हे सापडले. नवे सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन महिने तरी ही दुहेरी मेहनत करावी, असे मला वाटते.

आणि आता रात्रपाळी. ऑगस्टमधल्या एका पगाराच्या दिवशी आमचा एक टर्नर (लेथ यंत्रावरचा कारागीर) पगाराची पावती घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, बुधवारची नाइट कागदावर दिसतच नाहीये.” तो बुधवारी रात्री १० वाजता आत आला होता, बदली माणूस न आल्यामुळे गुरुवारी सकाळी साडेनऊला बाहेर पडला होता, आणि गुरुवारी रात्री १० वाजता पुन्हा कामावर हजर झाला होता. सॉफ्टवेअर तारखेप्रमाणे दिवस धरते आणि त्या तारखेची पहिली व शेवटची नोंद घेते. त्यामुळे बुधवारी एकच नोंद सापडल्याने त्याची गैरहजेरी लागली, आणि गुरुवारी सकाळी साडेनऊ ते रात्री दहा अशी साडेबारा तासांची हजेरी लागून त्यावर ओटीही निघाला. तो माणूस घरी झोपला होता ते तास कामात धरले गेले आणि मशीनवर उभा होता ते तास गेले. त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये याचे उत्तर स्पष्ट होते: पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. अर्ध्या तासाची सुट्टी वजा जाता बुधवारचे ११ तास भरतात आणि त्यांतले २ ओटीचे.

मदत केंद्राने ‘दिवस बदलण्याची वेळ’ दुपारी १२ करायला सांगितले. त्याने रात्रपाळी सुधारली, पण सकाळी ६ ते अडीचची पहिली पाळी दोन दिवसांत चिरली गेली. प्रत्येक पाळीसाठी वेगळी वेळ ठेवता येते, हे आम्हाला तीन आठवड्यांनी आणि चार फोननंतर कळले. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकाची पाळी आधी भरून ठेवावी लागते, आणि ऐनवेळी कोणी पाळी बदलली, जे आमच्याकडे रोजचेच आहे, की ती नोंद हाताने दुरुस्त करावी लागते.

काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून अचूक होत्या आणि त्यांचे श्रेय द्यायला हवे. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे ओटीच्या रकमेवर भविष्य निर्वाह निधी कापायचा नसे, पण कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापायची असे. आणि राज्य विम्याची तेव्हाची २१,००० रुपयांची वेतनमर्यादा तपासताना ओटी धरायचा नसे. अनेक अनुभवी हिशेबनिसांचाही इथे घोळ होतो, सॉफ्टवेअरचा एकदाही झाला नाही. जानेवारीत विशेष भत्ता बदलला, तेव्हा एका ठिकाणी आकडा भरताच सर्वांचे दर बदलले. जुन्या मस्टरमधला (हजेरीपटातला) ‘१.४५’ म्हणजे १ तास ४५ मिनिटे, हे मात्र त्याला आधी समजावून द्यावे लागले. नाहीतर १५० च्या दराने २६२.५० ऐवजी २१७.५० रुपयेच निघत होते.

सर्वांत उपयोगी ठरली ती मराठीतील पगाराची पावती. तिच्यावर ओटीचे तास, दर आणि रक्कम वेगवेगळ्या ओळींत येतात, त्यामुळे कामगार स्वतः पडताळणी करतात. टर्नरने चूक पकडली ती त्याच पावतीमुळे.

एकाच पाळीत चालणाऱ्या कारखान्याने भाजक आणि आठवड्याचा नियम तेवढा नीट भरून हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. फिरत्या पाळ्या असतील, तर करार करण्यापूर्वी आपल्याच एका आठवड्याच्या रात्रपाळीच्या नोंदी विक्रेत्यासमोर घालून हिशेब काढून दाखवायला सांगावे. आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. रात्रपाळीचा सुपरवायझर मात्र अजूनही दाराशी ठेवलेल्या वहीत येण्याजाण्याच्या वेळा लिहितो, आणि दर सोमवारी मी ती वही आणि संगणक शेजारी ठेवून बसते.