चिकाटी शिकवणारी चित्रपुस्तकं: कुठल्या पोराला कुठलं द्यायचं

माझ्या मुलीचा ब्लॉक्सचा टॉवर पडला की उरलेले ब्लॉक्स भिंतीवर आपटतात. माझ्या भाच्याचा टॉवर कधी पडतच नाही, कारण तो बांधायलाच घेत नाही, "मावशी तू कर ना, मी बघतो" म्हणून शेजारी बसून राहतो. दोघंही साडेपाचच्या आसपासचे, आणि चिकाटीवरचं आहे म्हणून मी दोघांसाठी एकच पुस्तक आणलं, ते एकीला इतकं आवडलं की पानं सुटायला आली आणि दुसऱ्याने तिसऱ्या पानावर जांभई दिली. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की चुकल्यावर भडकणारं पोर वेगळं आणि चुकायच्या भीतीने हातच न लावणारं पोर वेगळं, दोघांना एकच औषध चालत नाही. त्यामुळे पुस्तक घ्यायच्या आधी आपलं मूल नेमकं कुठे अडतं ते दोन-चार दिवस नुसतं बघा, मग पुढचं वाचा.

अजून एक गोष्ट आधीच सांगते. ही पुस्तकं "चिकाटी आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंग" असं एका दमात म्हणून विकली जातात, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हो. एकात तेच परत परत करायचं असतं, दुसऱ्यात तेच करणं थांबवून काहीतरी बदलायचं असतं. आपण येता जाता "वाळूचे कण रगडिता तेलही गळे" म्हणतो ना, ते मला लहानपणापासून खटकायचं, अरे वाळू रगडण्यापेक्षा तीळ शोध की! (गंमत म्हणजे वामन पंडितांचा तो श्लोक प्रयत्नांचं कौतुक करायला नाहीचे, एक वेळ वाळूतून तेल निघेल पण मूर्खाची समजूत पटणार नाही, असा त्याचा शेवट आहे, आपण पहिलीच ओळ उचलली.) तर पुस्तक हातात आलं की मी आता सरळ मधली पानं उघडते. सुरुवात आणि शेवट सगळ्यांचे सारखेच असतात, मधल्या पानांत कळतं की हिरो नुसता जोर लावतोय की काही बदलतोय.

जोर लावण्यातलं सगळ्यात जुनं आणि गाजलेलं म्हणजे 'द लिटल इंजिन दॅट कुड', वॉटी पायपर या नावाने 1930 साली आलेलं. डोंगरापलीकडच्या मुलांसाठी खेळणी आणि खाऊ घेऊन चाललेली गाडी बंद पडते, मोठी इंजिनं मदत करत नाहीत, शेवटी छोटं निळं इंजिन "मला जमेल असं वाटतंय, जमेल असं वाटतंय" म्हणत गाडी ओढून नेतं. मोठ्याने वाचायला एकदम भारी, रुळांचा ठेका आपोआप येतो आणि तीन वर्षांचं पोरही सोबत म्हणायला लागतं. पण नीट बघितलं तर इंजिन वेगळं असं काहीच करत नाही, ओढतं आणि जमतं, एकदाही घसरत नाही. चुकल्यावर काय करायचं हे ज्या मुलाला शिकायचंय त्याला यात काय सापडणार? उलट खरी खटपट करतात ती खेळणी! एका इंजिनाने नाही म्हटलं, दुसऱ्याला विचार, त्याने नाही म्हटलं, तिसऱ्याला विचार, तिसऱ्यानेही हात वर केले तरी चौथ्याला थांबवतात. माझ्यासाठी गोष्टीचा हिरो तो खेळण्यातला विदूषक आहे जो गाड्या थांबवत उभा असतो. तुम्ही हे घेतलंच तर एकदा विदूषकाच्या बाजूने वाचून बघा, पुस्तकच बदलतं.

याच्या अगदी समोर ठेवायचं तर 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग', अ‍ॅशली स्पायर्सचं, 2014. एक मुलगी आणि तिचा कुत्रा, मुलीला नावसुद्धा नाही. तिला एक भन्नाट वस्तू बनवायचीय, डोक्यात ती पक्की आहे, हातून मात्र भलतंच काहीतरी होतं. मग परत, मग परत, आणि दर वेळी वेगळं, ठोकून बघते, मोजून बघते, जोडून बघते, एकही धड होत नाही. आणि मग ती जाम चिडते, चिडल्यावर कामाची घाई होते, घाईत बोट चेचतं, मग स्फोट आणि "मी सोडलं हे!" हे जे पान आहे ना, त्यासाठी मी हे पुस्तक दहा वेळा विकत घेईन, कारण बाकीच्या पुस्तकांत हिरो फार तर उदास होतो, आपल्या घरातली पोरं उदास नाही होत हो, भोकाड पसरतात, वस्तू फेकतात.

त्यानंतर कुत्रा तिला फिरायला नेतो. कोणी समजावत नाही, "पुन्हा प्रयत्न कर बाळा" कोणी म्हणत नाही, नुसतं चालणं. राग उतरला की तिला टाकून दिलेल्या वस्तूंची रांग दिसते आणि लक्षात येतं की प्रत्येकात एखादी गोष्ट बरोबर जमली होती. ते ते उचलून जे बनतं ते एका बाजूला थोडं कललेलं, जरा जडच, पण तिला हवं तसं. (काय बनतं ते सांगत नाही, मुलांना ओळखू द्या, कुत्र्याला त्यात जागा असते एवढंच सांगते.) इथे चिकाटी आहे, पद्धत बदलणं आहे, आणि मध्ये थांबणंही आहे, जे बाकी कोणी शिकवतच नाही. खोट काढायचीच तर क्रियापदांची नुसती झोड आहे, तीन वर्षांच्या मुलाला जड जातं, चार-साडेचारपासून द्या.

'रोझी रिव्हिअर, इंजिनिअर' (अँड्रिया बेटी, चित्रं डेव्हिड रॉबर्ट्सची, 2013) याच्याशी नेहमी तोलतात, दोन्हींत मुलगी, दोन्हींत खटपट. पण अडचण वेगळी आहे. रोझीला बनवता येतं, लोक हसतात त्याची तिला भीती आहे. झू मध्ये काम करणाऱ्या काकासाठी तिने साप लांब ठेवणारी टोपी बनवली, चीज वापरून, तो खो खो हसला आणि त्या दिवसापासून तिने आपली यंत्रं लपवायला सुरुवात केली. पुढे पणजीच्या वयाच्या एका आजीला उडायचं असतं म्हणून ती एक यंत्र बनवते, ते क्षणभर तरंगतं आणि आपटतं, आजीही हसते, पण ते हसणं वेगळं, ती मिठी मारून पहिल्या फसण्याचं कौतुक करते. तुमचं मूल चित्र काढून लगेच पान उलटं करून ठेवत असेल तर हे घ्या. माझ्या दोन तक्रारी आहेत. एक, सगळं इंग्रजी यमकात आहे, तुम्ही माझ्यासारखं वाचता वाचता मराठीत सांगत असाल तर यमक गळतं आणि निम्मी मजा तिथेच जाते. दोन, "हरणं म्हणजे फक्त सोडून देणं" अशा अर्थाची शिकवण शेवटी तोंडाने सांगितली जाते, स्पायर्सच्या पुस्तकात ती मुलगी मस्त सोडून देते, फिरून येते आणि परत धरते, मला तेच जास्त खरं वाटतं.

आता भाच्यासारख्या मुलांचं बघू, जी सुरुवातच करत नाहीत. त्यांना दहा वेळा आपटणारी नायिका दाखवली तर ती अजूनच घाबरतात, "बघितलंस ना, पडतंच" असा अर्थ काढतात. याने तर तोंडावर सांगितलं होतं मला. त्यांच्यासाठी गाया कॉर्नवॉलचं 'जबारी जंप्स' (2017). पोहायची परीक्षा पास झालेला मुलगा, आज उंच फळीवरून उडी मारणार म्हणून बाबांना सांगून आलाय, आणि शिडीपाशी आल्यावर टाळाटाळ सुरू. आधी अंग मोकळं करतो, मग कुठली उडी मारायची याचा विचार करायचाय म्हणे. बाबा ढकलत नाहीत की चिडवत नाहीत, थोडी भीती वाटली तर चालतं म्हणतात, खोल श्वास घ्यायला आणि मी तयार आहे असं स्वतःला सांगायला शिकवतात. बस. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणाल तर जवळपास शून्य, पण ज्याला पहिली पायरीच चढवत नाही त्याला तेवढंच हवं असतं. भाच्याने हे सलग चार रात्री मागितलं, उडीच्या पानाआधी दर वेळी माझा हात घट्ट धरून.

पीटर रेनल्ड्सचं 'द डॉट' (2003) याच घरातलं आहे, मला चित्र काढताच येत नाही म्हणून कोरा कागद घेऊन बसलेली वाष्टी, बाई म्हणतात एक खूण कर आणि बघ कुठे नेते ते, ती रागाने एक ठिपका मारते, बाई त्यावर सही करायला लावतात आणि पुढे तो ठिपका फ्रेममध्ये! अप्रतिम आहे, पण मला वाटतं ते मुलांपेक्षा आपल्याला जास्त शिकवतं, मूल अडलं की मोठ्याने किती कमी बोलावं हे.

डॅन सँटाटचं 'आफ्टर द फॉल' (2017) मोठ्या मुलांना, सहाच्या पुढे. भिंतीवरून पडलेला हम्प्टी डम्प्टी जोडला गेलाय पण आता उंचीची धास्ती बसलीय, इतकी की बंक बेड सोडून जमिनीवर झोपतो. खरंच एकदा सायकलवरून वगैरे पडून धसका घेतलेल्या मुलाला द्या, बाकीच्यांनी घाई करू नका. शेवटचं पान तुम्ही आधी एकटे बघून ठेवा, मी मुलांसमोर पहिल्यांदा बघितलं आणि आवाज फुटेना.

कोबी यामादाचं 'व्हॉट डू यू डू विथ अ प्रॉब्लेम?' (2016) भेट म्हणून फार दिलं जातं. प्रॉब्लेम म्हणजे डोक्यावर फिरणारा काळा ढग, टाळला की वाढतो, भिडलं की आत संधी सापडते. मे बेसमची चित्रं देखणी, पण प्रॉब्लेम काय ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि माझ्या मुलीने नेमकं तेच विचारलं, "पण त्याला झालंय काय?" मला सांगता आलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी मनातल्या काळजीबद्दल बोलायचं असेल तर ठीक, पाच वर्षांच्याला ढग म्हणजे ढग.

आणि आता माझं लाडकं, जे चिकाटीच्या याद्यांमध्ये असतं पण शिकवत काहीच नाही असं वाटतं: ऑलिव्हर जेफर्सचं 'स्टक' (2011). फ्लॉइडचा पतंग झाडात अडकतो, तो पाडायला बूट फेकतो, बूट अडकतो, दुसरा बूट, मग मांजर, मग शिडी आणतो आणि आपल्याला वाटतं आता चढेल, तर तीही फेकतो! पुढे माणसं, गेंडा, दीपगृह, देवमासा, सगळं झाडात. चिकाटी अफाट, पद्धत तीच. शेवटी करवत आणतो आणि, हो, तीही फेकतो. यात मूल स्वतः ओरडतं की "अरे शिडीवर चढ ना!" म्हणजे उत्तर पुस्तक देत नाही, ऐकणारं पोर देतं, आणि भडकणारं पोरही दुसऱ्याच्या चुकीवर हसता हसता तेच शिकतं. वाळू रगडण्याची गोष्ट इतकी चांगली कोणी सांगितली नसेल.

प्राणी की माणसं, हा प्रश्न लोक विचारत नाहीत पण विचारायला हवा. कॅनडात टोरांटो विद्यापीठात 4 ते 6 वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला होता, वाटून घेण्याची तीच गोष्ट काहींना माणसांची चित्रं असलेली वाचली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची, माणसांची ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर्स वाटले. तो विषय वाटण्याचा होता, चिकाटीचा नाही, त्यामुळे फार ताणणार नाही, पण दोन सारखी पुस्तकं समोर असतील तर मी मुलगा-मुलगी असलेलं उचलते. तहानलेला कावळा याला अपवाद, कारण ते खरंच होतं! 2009 मध्ये रूक नावाच्या कावळ्याच्या भाऊबंदांसमोर नळीत पाणी आणि वर तरंगणारी अळी ठेवली, त्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं, मोठे दगड निवडायला लागले, आणि पाण्याऐवजी भुसा असला तर उपयोग नाही हेही पटकन शिकले. हे सांगून गोष्ट वाचा आणि मग एक ग्लास अन् खडे देऊन टाका, त्या संध्याकाळी पुस्तकाची गरज नाही.

वाचताना मी दोनच गोष्टी करते. फसल्याच्या पानावर थांबते आणि विचारते, "आता तू काय केलं असतंस?", आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते, जे मला सगळ्यात अवघड जातं. दुसरं म्हणजे नंतर खेळताना त्या पात्राला बोलावते. 2017 च्या एका अभ्यासात कंटाळवाणं काम करताना स्वतःला बॅटमॅन वगैरे समजलेली 4 आणि 6 वर्षांची मुलं जास्त वेळ टिकली होती, आमच्याकडे टॉवर पडला की "कुत्रेवाली ताई काय करेल?" एवढं पुरतं, ती फिरून येते, घरातल्या घरात. त्याच वर्षी अजून एक अभ्यास आला होता, मोठ्या माणसाला धडपडून शेवटी जमवताना बघितलेली साधारण सव्वा वर्षाची बाळंही नंतर स्वतः जास्त प्रयत्न करत होती, त्यामुळे मी आता बरणीचं झाकण उघडत नसेल तर मुलांसमोरच झगडते, गुपचूप नाही.

तर एकच घ्यायचं असेल आणि पोर भडकणारं असेल तर डोळे मिटून 'मॅग्निफिसंट थिंग'. हातच न लावणारं असेल तर 'जबारी', आणि ते पचलं की दोन-तीन महिन्यांनी 'रोझी'. दोन वेगळ्या स्वभावाची मुलं एकाच पलंगावर असतील तर 'स्टक', फक्त झोपायच्या आधी काढू नका, देवमासा झाडात गेला की त्यानंतर कोणी झोपत नाही.