स्वायत्त की संलग्न? प्रवेश घेण्यापूर्वी परीक्षापद्धतीची तुलना

बारावीनंतर कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचे महाविद्यालय निवडताना कटऑफ, शुल्क आणि घरापासूनचे अंतर या तीन गोष्टी सगळेच पाहतात. पुढची तीन-चार वर्षे आपली परीक्षा कोण घेणार आणि कोणत्या नियमांनी घेणार, याची चौकशी मात्र फार थोडे विद्यार्थी करतात. मुंबई-पुण्यात तरी ती करायलाच हवी, कारण एकाच विद्यापीठाची पदवी देणारी दोन प्रकारची महाविद्यालये तिथे शेजारीशेजारी आहेत. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि परीक्षेचे नियम विद्यापीठाचे असतात. मुंबईच्या सेंट झेवियर्ससारख्या स्वायत्त महाविद्यालयात (त्याला ही स्वायत्तता २०१० मध्ये मिळाली) अभ्यास मंडळ, विद्वत परिषद आणि परीक्षा नियंत्रक महाविद्यालयाचेच असतात. पदवी मात्र विद्यापीठच देते.

संलग्न महाविद्यालयात वर्षाचा मोठा भार सत्रान्त लेखी परीक्षेवर असतो. लेखी आणि अंतर्गत गुणांचे प्रमाण कुठे ७०:३०, तर कुठे ६०:४० असते. ज्या पद्धतीत दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के मिळवण्याची अट असते, तिथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लेखीत ७० पैकी २७ आणि अंतर्गत परीक्षेत ३० पैकी २८ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची बेरीज ५५ होते, तरीही लेखीत २८ ची मर्यादा न गाठल्यामुळे तो त्या विषयात अनुत्तीर्ण ठरतो. अंतर्गत गुण भरघोस मिळाले आहेत म्हणून लेखीकडे काणाडोळा करणारे विद्यार्थी नेमके इथेच अडकतात. या पद्धतीची जमेची बाजू म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरलेला असतो आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत नेटाने अभ्यास करणाऱ्यालाही सावरता येते.

स्वायत्त महाविद्यालयात अशी सोय फारशी उरत नाही. तिथे लेखी चाचणी, सादरीकरण, प्रकल्प आणि गृहपाठ सत्रभर चालू असतात. चाचणी बुडाली तर ती पुन्हा मिळेलच असे नाही आणि मिळालीच तरी वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत द्यावे लागते. शिकवणारे प्राध्यापकच बहुधा प्रश्न काढतात, त्यामुळे वर्गात झालेल्या चर्चेवर प्रश्न येऊ शकतो आणि बाजारातले गाइड तिथे कामाला येत नाही. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल हेच आहे: उत्तर कुठे चुकले हे विद्यार्थ्याला सत्र संपण्याआधी कळते आणि सुधारायला वेळ हाती असतो. मात्र ज्यांनी शिकवले तेच तपासतात, तेव्हा तक्रार निवारणाची व्यवस्था प्रत्यक्षात चालते की कागदावरच आहे, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे.

निकालाच्या बाबतीतला फरक सर्वांत ठळक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. तरीही २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिकांचे ऑनस्क्रीन मूल्यांकन एकदम सुरू केले तेव्हा निकाल इतके रखडले की अनेकांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. स्वायत्त महाविद्यालयात उत्तरपत्रिकांची संख्या मर्यादित असल्याने निकाल सहसा लवकर लागतो. परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्याला किंवा नोकरीची ऑफर हातात असलेल्याला हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मात्र दोन्हीकडे आहे. माहितीच्या अधिकाराखाली तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. संलग्न महाविद्यालयात छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनासाठी शुल्क भरून ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. ती मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते.

हजेरीची ७५ टक्क्यांची अट सर्वसाधारणपणे दोन्हीकडे असते, पण स्वायत्त महाविद्यालयात चाचण्या वर्गातच होत असल्यामुळे ती चुकवणे अवघड जाते. म्हणूनच सीएची तयारी किंवा अर्धवेळ नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्याला, आणि कसारा-कर्जतहून रोज लोकलने येणाऱ्यालाही, मी संलग्न महाविद्यालयाचा सल्ला देईन. रोज वर्गात बसणे ज्याला शक्य आहे, ज्याला लिहिण्याची आणि बोलण्याची सवय लावून घ्यायची आहे, त्याने स्वायत्त महाविद्यालय निवडावे. ‘स्वायत्त म्हणजे दर्जेदार’ हे समीकरण दोघांनीही बाजूला ठेवावे, कारण काही संलग्न महाविद्यालयांतील विभाग अध्यापनात कुठेही कमी पडत नाहीत.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी परीक्षा विभागाकडून नियमपत्रक मागून घ्यावे आणि एटीकेटीची तरतूद अक्षरशः ओळ न ओळ वाचावी: किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात बसता येते, आणि फेरपरीक्षा लगेच होते की पुढच्या सत्रापर्यंत थांबावे लागते. मधेच महाविद्यालय बदलण्याची शक्यता असेल, तर स्वायत्त महाविद्यालयाचे विषय दुसरीकडे जुळतील का, हेही आधीच लेखी विचारून ठेवावे. श्रेयांक (उत्तीर्ण विषयांचे क्रेडिट) जमा असले तरी विषय न जुळल्यास काही परीक्षा नव्याने द्याव्या लागू शकतात.