कापडावर उतरला तो मळ नव्हता

गेल्या जुलैत साडेसात हजार रुपये मोजून मी माझ्याच गाडीच्या सीटा बिघडवून घेतल्या. घरात अजून यावर हसतात. हसू देत. पण पाऊस तोंडावर आलाय, म्हणून लिहिते.

गाडी पुण्याच्या भावाकडून आलेली, जुनी पण जपलेली. सीटा लेदरच्या, बदामी रंगाच्या. पुण्यात त्यांना कधी काही झालं नव्हतं. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात ओल्या छत्र्या, ओल्या चपला आणि काचा सदैव बंद. एकदा आठ दिवस गाडी उभी राहिली. दार उघडलं तर कुबट वास आणि सीटांवर पांढरी लव, लोणच्यावर बुरशी धरते तशी.

हायवेला गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी 'लेदर ट्रीटमेंट' असा फ्लेक्स होता. तिथला मुलगा अगदी अदबीचा. "ताई, बुरशी वरवरची आहे. आत मळ मुरलाय तो बघा," म्हणाला. लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीतरी पांढऱ्या कापडावर घेतलं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला चार-पाचदा घासलं. कापड तपकिरीसर बदामी झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या घाणीवर सासूबाईंना बसवून मी गणपतीपुळ्याला नेऊन आणलं होतं!

मग त्याने त्याच जागी पाण्याचा थेंब टाकला. थेंब आत शोषला गेला, काळा डाग पडला. "बघा, लेदर तहानलंय. आता कोटिंग नाही केलं तर तडे जाणार." नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येत होता. मला तो आला होता, हे कबूल करते. पण शरम एकदा डोक्यात शिरली की नाक काम करत नाही.

अकरा हजारांपासून घासाघीस करत साडेसातावर आणलं, वर जिंकल्यासारखं वाटलं. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल ताई, उगाच वाढेल." फोनवरून पैसे पाठवले तेव्हा भलत्याच माणसाचं नाव दिसलं. '५ वर्षं गॅरंटी' लिहिलेलं कार्ड मिळालं. त्यावर ना शिक्का, ना पत्ता.

संध्याकाळी सीटा तूप चोपडल्यासारख्या चमकत होत्या. गणपतीत नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ बदामी झाली. सीटा चिकटायला लागल्या आणि बुरशी आली ती पहिल्यापेक्षा दाट.

चिपळूणला एक कुशनवाले चाचा आहेत, जीपच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी अंगठा फिरवला, वास घेतला. "थिनर मारलंय. कापडावर आला तो मळ नाय, तुमच्या सीटचा रंग." गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक थर. थिनरने दोन्ही सुटतात, मग पाणी शोषलं जाणारच. त्यांनी मागच्या सीटवर, जिथे बाटली पोचली नव्हती तिथे थेंब टाकला. अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहिला. म्हणजे दुखणंही त्यानेच लावलं आणि औषधही त्यानेच विकलं. वरची चमक म्हणजे तेलकट पॉलिश आणि खाली फवारलेला कच्चा रंग. तेल तर बुरशीला खाद्यच. घरचं खोबरेल चोपडणाऱ्यांनीही हे ऐकावं.

बुरशीवरचा चाचांचा उपाय फुकटातला. उघडीप असेल तेव्हा गाडी सावलीत आणून चारी दारं उघडायची, नाकाला फडकं बांधून लव कोरड्या कापडाने पुसायची, मग सौम्य साबणाच्या फेसात घट्ट पिळलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. पायाखालच्या मॅट काढून वाळवायच्या, खरी ओल तिथे असते. कुणी काही लावणारच असेल तर आधी सीटखाली, न दिसणाऱ्या जागी लावून दाखवायला सांगा. पांढऱ्या कापडावर उतरलेला 'मळ' सीटच्याच रंगाचा असेल, तर गाडीची किल्ली परत मागून घ्या.

त्या मुलाकडे दोनदा गेले. पहिल्यांदा "पावसामुळे झालं", दुसऱ्यांदा फ्लेक्सच नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. बिल विचारलं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला होती फोनवरची एक नोंद, तीही भलत्याच नावाची.

चाचा म्हणतात, यंदाचा पाऊस सरून दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रंगाचं बघू. तोवर ड्रायव्हरच्या सीटवर सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची घडी घालून बसते.